फ्रान्सिस बॅनरमन (सहावे)

फ्रान्सिस बॅनरमन (सहावे) (जन्म : डंडी, स्कॉटलंड, २४ मार्च १८५१, मृत्यू : २६ नोव्हेंबर १९१८) हे स्कॉटिश वंशाचे अमेरिकन व्यापारी होते. सैन्याने टाकून दिलेल्या शस्त्रांच्या व लष्करी सामग्रीच्या खरेदी-विक्रीचा मोठा व्यवसाय त्यांनी न्यू यॉर्क येथे उभारला. हडसन नदीतील पोलेपेल बेटावर त्यांनी बांधलेले किल्लेवजा शस्त्रागार 'बॅनरमनचा किल्ला' म्हणून ओळखले जाते. त्यांच्या पेढीची सचित्र सूचिपत्रे जुन्या बंदुकांच्या अभ्यासकांना आजही संदर्भ म्हणून उपयोगी पडतात. जुन्या लष्करी बंदुका संग्रह करण्याजोगी वस्तू म्हणून सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवणाऱ्या पहिल्या मोठ्या व्यापाऱ्यांत त्यांची गणना होते. एकाच प्रकारच्या हजारो बंदुका एकदम बाजारात आल्या की त्यांच्या किमतीचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या संपूर्ण व्यवसायाच्या मुळाशी होता.

प्रारंभिक जीवन

बॅनरमन या आडनावाचा अर्थ निशाण धरणारा असा होतो. घराण्यातील मुलाला फ्रान्सिस हेच नाव ठेवण्याची प्रथा पिढ्यानपिढ्या चालत आली होती. त्यामुळे त्यांच्या नावापुढे सहावे असा क्रमांक लावला जातो. १८५४ मध्ये, ते तीन वर्षांचे असताना, कुटुंब अमेरिकेत आले आणि काही वर्षांनी ब्रुकलिन येथे स्थायिक झाले. तेथील नौदल गोदीत जुन्या सामानाचे लिलाव होत असत. त्यांचे वडील या लिलावांतून दोरखंड, निशाणे व जहाजांचे किरकोळ साहित्य विकत घेऊन त्याचा व्यापार करीत.

१८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाले आणि वडील उत्तरेकडील संघराज्याच्या नौदलात दाखल झाले. घरच्या उत्पन्नाला हातभार लावण्यासाठी दहा वर्षांच्या फ्रान्सिस यांना शाळा सोडावी लागली. बंदरातील जहाजांवर वर्तमानपत्रे विकणे आणि पाण्याच्या तळाशी गळ टाकून साखळ्या, दोरखंड व लोखंडाचे तुकडे वर काढणे ही कामे त्यांनी केली. मिळालेला माल ते भंगारवाल्यांना विकत. टाकाऊ समजल्या गेलेल्या प्रत्येक वस्तूला कोठेतरी गिऱ्हाईक असते, हा धडा त्यांना या कामातून मिळाला. वडील युद्धावरून परतल्यानंतर हा व्यवसाय वाढवण्यात आला. पेढीच्या स्थापनेचे वर्ष १८६५ असे मानले जाते.

१८७२ मध्ये त्यांचा विवाह उत्तर आयर्लंडमधील हेलन बॉइस यांच्याशी झाला. फ्रान्सिस (सातवे), डेव्हिड व वॉल्टर हे त्यांचे पुत्र होत. पुढे पुत्रही व्यवसायात आले.

यादवी युद्धानंतरचा बाजार

बॅनरमन यांचा व्यवसाय समजून घेण्यासाठी १८६५ नंतरची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. चार वर्षांच्या युद्धात उत्तरेकडील राज्यांनी लाखो बंदुका तयार केल्या व परदेशातून मागवल्या होत्या. युद्ध संपताच लष्कराची गरज एकदम घटली. सैन्यातून मुक्त होणाऱ्या सैनिकांना स्वतःचे शस्त्र विकत घेऊन घरी नेण्याची मुभा सरकारने दिली. ठासणीच्या बंदुकीची किंमत सहा डॉलर, स्पेन्सर कार्बाइनची दहा डॉलर व इतर कार्बाइनची आठ डॉलर ठरवण्यात आली आणि ही रक्कम सैनिकाच्या येणे वेतनातून वळती करण्यात येई. ज्या बंदुकीने आपण लढलो ती जवळ असावी, या भावनेने अनेकांनी ती घेतली.

तरीही शस्त्रागारांत प्रचंड साठा उरला. त्यातच काडतूस पाठीमागून भरण्याच्या बंदुका प्रचारात आल्याने ठासणीच्या बंदुका कालबाह्य ठरल्या. सरकारने त्या लिलावात काढल्या. अनेक लॉट केवळ लोखंड, पितळ व अक्रोडाचे लाकूड यांच्या वजनावर विकले गेले. सैनिकाने सहा डॉलर मोजून घेतलेल्या बंदुकीची जुळी बहीण काही वर्षांतच भंगाराच्या ढिगात दिसू लागली. काही व्यापाऱ्यांनी बंदुकांच्या नळ्या आतून घासून गुळगुळीत केल्या, दस्ते कापले आणि शेतकऱ्यांसाठी छऱ्यांच्या स्वस्त बंदुका बनवल्या. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात अमेरिकेतील जुन्या शस्त्रांचा मोठा भाग फ्रान्सकडे गेला आणि त्या विक्रीची चौकशी अमेरिकेच्या सिनेटमध्ये झाली.

नव्या बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांनाही या साठ्याचा फटका बसला. ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी शोधलेल्या, एकदा भरून सात गोळ्या झाडता येणाऱ्या रायफली व कार्बाइन युद्धकाळात मोठ्या संख्येने तयार झाल्या होत्या. युद्धानंतर त्या वापरलेल्या अवस्थेत स्वस्त मिळू लागल्याने कंपनीच्या नव्या मालाला उठाव राहिला नाही. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ती कंपनी बंद पडून तिची मालमत्ता इतरांच्या हाती गेली. आपल्याच जुन्या मालाशी स्पर्धा करावी लागल्याने उत्पादक बुडण्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

व्यवसायाचा विस्तार

अशा बाजारात बॅनरमन यांनी वेगळी वाट धरली. लिलावातील इतर बोलीदार बंदुकांच्या ढिगाकडे वजनाच्या दृष्टीने पाहत. बॅनरमन तो ढीग उपसून वस्तू वेगळ्या करीत. चालू स्थितीतील बंदुका, दुरुस्त करण्याजोग्या बंदुका, सुटे भाग, संगिनी, म्याने, पट्टे, गणवेश व बिल्ले असे गट पाडून प्रत्येकाची स्वतंत्र किंमत ठरवली जाई. भंगार म्हणून घेतलेल्या मालातील थोडा भाग जरी वस्तू म्हणून विकला गेला, तरी संपूर्ण लॉटची किंमत वसूल होत असे. उरलेला माल गोदामात ठेवून वाट पाहणे त्यांना परवडत असे.

त्यांचे ग्राहक नाना प्रकारचे होते. लहान राष्ट्रांची सरकारे व राज्यांची सैन्यदले त्यांच्याकडून शस्त्रे घेत. लष्करी शाळांना कवायतीसाठी हलक्या बंदुका लागत. नाटक कंपन्यांना व चित्रकारांना जुने गणवेश आणि तलवारी हव्या असत. माजी सैनिकांच्या संघटना व नगरपालिका स्मारकांपुढे ठेवण्यासाठी तोफा नेत. याखेरीज भिंतीवर लावण्यासाठी एखादी जुनी बंदूक विकत घेणारा सामान्य गृहस्थ हाही एक ग्राहकवर्ग होता. एकेकटा ग्राहक फार मोठा नसला, तरी या वर्गाची संख्या हळूहळू वाढत गेली आणि त्यातूनच पुढे लष्करी बंदुकांच्या संग्राहकांचा बाजार आकाराला आला.

१८९७ मध्ये पेढीचे दुकान मॅनहॅटनमधील ब्रॉडवे रस्त्यावर आले. १९०५ मध्ये त्याच रस्त्यावरील क्रमांक ५०१ ची बहुमजली इमारत घेण्यात आली. तेथे विक्रीच्या दालनांबरोबर जुन्या शस्त्रांचे प्रदर्शनही मांडले होते. हे दुकान पुढे अनेक दशके शस्त्रप्रेमींचे आकर्षण ठरले.

बंदूकनिर्मिती व विंचेस्टर खटला

जुना माल विकणाऱ्या बॅनरमन यांनी काही काळ नव्या बंदुकांचे उत्पादनही केले. ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी पहिली कंपनी बुडाल्यानंतर १८८० च्या दशकात पुढचा दस्ता मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याची, म्हणजेच पंप-ॲक्शन पद्धतीची छऱ्यांची बंदूक बाजारात आणली होती. हा उद्योगही आर्थिक अडचणीत आला, तेव्हा १८९० च्या सुमारास बॅनरमन यांनी त्याचे हक्क, यंत्रे व शिल्लक माल विकत घेतला आणि या बंदुका स्वतःच्या नावाने विकण्यास सुरुवात केली.

विंचेस्टर कंपनीने १८९३ मध्ये याच पद्धतीची बंदूक काढली. तेव्हा बॅनरमन यांनी पेटंटभंगाचा दावा दाखल केला. आपली पद्धत स्पेन्सर यांच्याही आधी युरोपात नोंदली गेली होती, हे दाखवण्यासाठी विंचेस्टरने तेथील जुनी पेटंटे शोधून न्यायालयापुढे ठेवली. बॅनरमन यांना दाव्यात यश आले नाही. त्यानंतर त्यांचे मुख्य लक्ष पुन्हा जुन्या लष्करी मालाकडे वळले.

स्पेन-अमेरिका युद्धातील साठा

१८९८ चे स्पेन-अमेरिका युद्ध बॅनरमन यांच्या कारकिर्दीतील निर्णायक घटना ठरले. क्यूबातील लढायांत स्पॅनिश सैनिकांकडे जर्मन बनावटीची, ७ मिमी व्यासाच्या गोळीची माउझर रायफल होती. पाच काडतुसांची क्लिप एकाच वेळी भरता येणारी ही रायफल अमेरिकनांच्या क्राग रायफलीपेक्षा आणि त्यांच्या स्वयंसेवक पलटणींकडे असलेल्या जुन्या एकबारी स्प्रिंगफील्ड रायफलींपेक्षा सरस असल्याचे दिसून आले. या अनुभवातून अमेरिकेने १९०३ ची नवी स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली.

युद्धात हस्तगत केलेली स्पॅनिश शस्त्रे व दारूगोळा अमेरिकन सरकारने विक्रीस काढला. बॅनरमन यांनी सीलबंद बोली लावून त्यातील सुमारे नव्वद टक्के माल मिळवला. एका व्यापाऱ्याने एका युद्धातील लुटीचा जवळजवळ सगळा साठा घेण्याचे हे असामान्य उदाहरण होते.

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या दृष्टीने माउझर ही विजयाची खूण होती. बॅनरमन यांच्या खरेदीनंतर तीच रायफल युद्धावर न गेलेल्या माणसालाही टपालाने मागवता येऊ लागली. त्यामुळे नुसती माउझर असणे ही विशेष गोष्ट राहिली नाही. अमुक सैनिकाने अमुक लढाईतून आणलेली, अशी ओळख असलेल्या बंदुकीचे महत्त्व मात्र त्यामुळे अधिकच ठळक झाले. विपुल वस्तूंच्या गर्दीत पुराव्यासह इतिहास असलेली वस्तू वेगळी उठून दिसते, हे संग्राहकांच्या बाजारातील तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

पोलेपेल बेट व शस्त्रागार

स्पॅनिश साठ्यात सुमारे तीन कोटी काडतुसे होती. एवढा स्फोटक माल दाट वस्तीच्या न्यू यॉर्क शहरात ठेवणे धोक्याचे होते व कायद्यालाही धरून नव्हते. बॅनरमन सुरक्षित जागेच्या शोधात असताना त्यांचे पुत्र डेव्हिड यांना हडसन नदीत होडीतून फिरताना पोलेपेल हे निर्जन खडकाळ बेट दिसले. न्यू यॉर्कच्या उत्तरेस सुमारे ८० किमी अंतरावरील, साडेसहा एकरांच्या आसपास क्षेत्रफळाचे हे बेट बॅनरमन यांनी नोव्हेंबर १९०० मध्ये विकत घेतले.

१९०१ च्या वसंत ऋतूत बांधकामाला सुरुवात झाली. बॅनरमन यांनी कोणत्याही वास्तुविशारदाच्या मदतीविना, स्कॉटलंडमधील गढ्या डोळ्यांपुढे ठेवून स्वतःच आराखडे काढले. बुरूज, कंगोरे व कमानी असलेल्या इमारती, नदीत जुने पडाव बुडवून तयार केलेला बंधारा, धक्के आणि टेकडीवरचे छोटे निवासस्थान अशी या वसाहतीची रचना होती. शस्त्रागाराच्या भिंतीवर बॅनरमन यांचे नाव मोठ्या अक्षरांत कोरले होते. नदीतून जाणाऱ्या बोटींतील व काठावरून धावणाऱ्या रेल्वेतील प्रवाशांना ते सहज वाचता येई. गोदाम व जाहिरात ही दोन्ही कामे एकाच वास्तूने साधली.

व्यापाराच्या दृष्टीने या बेटाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी होते. साठवण्यास जागा नसलेल्या व्यापाऱ्याला मोठा लॉट घेतल्यावर तो मिळेल त्या भावाने लवकर विकावा लागतो, आणि त्याच घाईमुळे भाव कोसळतो. बेटामुळे बॅनरमन यांना ही घाई उरली नाही. एखादा माल दहा-वीस वर्षे पडून राहिला तरी चालत असे. मागणीच्या मानाने थोडा थोडा माल बाहेर काढणे त्यांना शक्य झाले.

सूचिपत्रे

बॅनरमन पेढीची सूचिपत्रे शेकडो पानांची असत. तोफांपासून गणवेशाच्या बटणांपर्यंत प्रत्येक वस्तूचे रेखाचित्र, वर्णन, तिच्याविषयीची ऐतिहासिक माहिती व किंमत त्यांत दिलेली असे. ग्रामीण भागातील वाचकांसाठी ही सूचिपत्रे शस्त्रांच्या सचित्र कोशासारखी होती. त्यांतील ऐतिहासिक माहिती सर्वत्र काटेकोर नव्हती. विक्री वाढवण्याच्या हेतूने काही वस्तूंचा इतिहास रंगवून सांगितला जाई.

या सूचिपत्रांचा बाजारावर दोन प्रकारे परिणाम झाला. पहिला असा की, छापील किमतीमुळे देशभर एक सामाईक मापदंड तयार झाला. सूचिपत्रात काही डॉलरांना मिळणारी बंदूक दुसरीकडे तिप्पट किमतीने घेण्यास ग्राहक तयार होईना. पेढीचा साठा असेपर्यंत त्या प्रकारच्या बंदुकीला जणू किमतीची कमाल मर्यादाच घातली गेली. दुसरा परिणाम याच्या उलट दिशेचा होता. वाचकांना बंदुकांचे नमुने, वर्षे व कारखाने यांतील फरक कळू लागले आणि विशिष्ट नमुना शोधणारा जाणता ग्राहक निर्माण झाला. अशा प्रकारे स्वस्त पुरवठ्यानेच पुढच्या काळातील मागणी घडवली. १९०७ व १९२७ या वर्षांच्या सूचिपत्रांची पुढे संग्राहकांसाठी पुनर्मुद्रणे निघाली.

नवा साठा आणि संग्राह्य रायफलींचे भाव

बॅनरमन यांच्या व्यवसायाच्या आधारे, नव्याने उपलब्ध झालेल्या लष्करी साठ्याचा संग्राह्य रायफलींच्या किमतीवर होणारा परिणाम पुढीलप्रमाणे मांडता येतो.

जुन्या लष्करी रायफलीला साधारणपणे तीन प्रकारचे मूल्य असते. पहिले धातू व लाकडाचे मोडीचे मूल्य, दुसरे शिकार, कवायत वा नेमबाजीसाठीचे उपयोगमूल्य आणि तिसरे संग्रहमूल्य. मोठा साठा बाजारात येतो तेव्हा संग्रहमूल्याला सर्वप्रथम धक्का बसतो, कारण ते मुख्यतः दुर्मीळतेवर उभे असते. किंमत उपयोगमूल्यापर्यंत आणि कधीकधी मोडीच्या मूल्यापर्यंत खाली येते. वस्तूचे वय हे येथे निर्णायक ठरत नाही. पन्नास वर्षे जुनी पण गोदामात हजारोंनी पडलेली बंदूक स्वस्त राहते, तर तिच्याहून अलीकडची पण थोडक्याच संख्येने उरलेली बंदूक महाग होते.

घसरण सर्व बंदुकांत सारखी नसते. एकाच नमुन्याच्या साध्या, वापरलेल्या व सुट्या भागांतून जुळवलेल्या बंदुकांचे भाव सर्वाधिक पडतात. मूळ अवस्थेतील, सर्व भागांवर एकच क्रमांक असलेल्या, दुर्मीळ कारखान्याच्या किंवा ज्ञात सैनिकाच्या बंदुकांवर परिणाम कमी होतो. पूर्वी चढ्या भावाने खरेदी केलेल्या संग्राहकाचे नुकसान होते आणि नवोदिताला संग्रहाची दारे खुली होतात.

ही घसरण बहुधा कायमची नसते. स्वस्ताईच्या काळात बंदुका कापल्या जातात, बदलल्या जातात, निष्काळजीपणे वापरल्या जातात व मोडीत जातात. साठा संपतो तेव्हा मूळ अवस्थेतील बंदुका अपेक्षेपेक्षा कमी उरलेल्या आढळतात आणि त्यांचे भाव पुन्हा चढू लागतात. यादवी युद्धातील ठासणीच्या बंदुकांबाबत असेच घडले. दस्ते कापलेल्या व नळ्या घासलेल्या असंख्य बंदुकांमुळे अस्पर्शित राहिलेल्या बंदुका मौल्यवान ठरल्या. बॅनरमन पेढीनेही उरलेल्या सुट्या भागांतून बंदुका जुळवून विकल्या. अशा जुळवलेल्या बंदुका ओळखणे हा आज संग्राहकांच्या अभ्यासाचा एक भाग आहे.

व्यक्तिमत्त्व

बॅनरमन हे धार्मिक वृत्तीचे होते. ते चर्चच्या कामात सहभागी असत व मुलांसाठी चालणाऱ्या उपक्रमांत रस घेत. मद्यपानाला त्यांचा विरोध होता. युद्धसामग्रीचा व्यापार करीत असतानाही युद्धे थांबावीत आणि आपला शस्त्रसंग्रह पुढे विस्मृतीत गेलेल्या कलांचे संग्रहालय म्हणून ओळखला जावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती.

या इच्छेत व त्यांच्या व्यवसायात उघड विसंगती होती. रशिया-जपान युद्धाच्या (१९०४-०५) काळात त्यांच्या पेढीने जपानला खोगिरे, गणवेश, काडतुसे इत्यादी सामग्री मोठ्या प्रमाणावर पुरवली. संग्रहालयात शोभणारी जी वस्तू गोदामात होती, तीच नवे युद्ध पेटले की पुन्हा शस्त्र ठरत असे. अशा प्रत्येक युद्धाने साठा कमी होऊन उरलेल्या मालाची किंमत वाढे आणि युद्ध संपले की नवा साठा येऊन ती पुन्हा उतरे. बॅनरमन यांचे उत्पन्न या चक्राच्या दोन्ही टोकांवर अवलंबून होते.

निधन व त्यानंतरचा काळ

पहिले महायुद्ध थांबवणारा युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २६ नोव्हेंबर रोजी बॅनरमन यांचे निधन झाले. तोपर्यंतच्या इतिहासातील सर्वांत मोठा लष्करी साठा बाजारात येण्याच्या बेतात असतानाच हा व्यापारी निघून गेला. बेटावरील बांधकामही त्यांच्या मृत्यूबरोबर थांबले.

पुत्रांनी व्यवसाय पुढे चालवला. १५ ऑगस्ट १९२० रोजी बेटावरील दारूच्या कोठारात स्फोट होऊन वसाहतीच्या काही भागाची मोठी हानी झाली. बाजारही बदलला होता. रशियाच्या झारशाहीसाठी अमेरिकन कारखान्यांनी बनवलेल्या मोसिन-नागां रायफली १९१७ च्या क्रांतीमुळे पडून राहिल्या आणि त्या नागरिकांना अत्यल्प दरात मिळू लागल्या. बॅनरमन पेढीने त्यांपैकी काही रायफली अमेरिकन लष्करी काडतुसासाठी बदलून विकल्या. हा बदल सदोष होता. अशा रायफली झाडण्यास धोकादायक मानल्या जातात आणि संग्राहकही त्यांना कमी लेखतात.

याच सुमारास अमेरिकन सरकारने नेमबाजीस उत्तेजन देण्यासाठी क्राग रायफली राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्यांना थेट विकल्या. एका टप्प्यावर त्यांची किंमत दीड डॉलरपर्यंत खाली आली होती. या दराशी कोणत्याही व्यापाऱ्याला स्पर्धा करणे शक्य नव्हते. इतक्या स्वस्त मिळाल्यामुळे हजारो क्राग रायफलींचे दस्ते व नळ्या शिकारीसाठी कापण्यात आल्या. परिणामी आज मूळ लांबीची, न बदललेली क्राग कापलेल्या क्रागपेक्षा कितीतरी महाग असते.

शस्त्रविक्रीवरील राज्यांच्या व संघराज्याच्या कायद्यांमुळेही पेढीचा व्यापार आक्रसत गेला. १९५० मध्ये बेटाकडे ये-जा करणारी बोट वादळात बुडाली आणि बेटाचा वापर जवळजवळ थांबला. जुना माल हलवल्यानंतर १९६७ मध्ये न्यू यॉर्क राज्याने बेट विकत घेतले. ८ ऑगस्ट १९६९ रोजी लागलेल्या आगीत शस्त्रागाराची छते व मजले जळून केवळ भिंती उरल्या. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्या भिंतींचाही मोठा भाग कोसळला. उरलेल्या अवशेषांच्या जतनासाठी एक विश्वस्त संस्था काम करते आणि उन्हाळ्यात पर्यटकांना बेटावर नेले जाते.

वारसा

बॅनरमन यांच्यानंतर जुन्या लष्करी शस्त्रांचा व्यापार अनेकांनी केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम्युअल कमिंग्ज यांच्या इंटरआर्मको कंपनीने युरोपातील व इतर देशांतील रायफली प्रचंड संख्येने अमेरिकेत आणल्या. स्वस्त आयातीमुळे अमेरिकन कारखानदार नाराज झाले व आयातबंदीची मागणी पुढे आली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हत्येसाठी वापरलेली इटालियन कारकानो रायफल ही टपालाने मागवलेली अशीच जुनी लष्करी रायफल होती. १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी बंदुकांची आयात बंद झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यात संग्राह्य म्हणून मान्यता असलेल्या बंदुकांपुरती ती पुन्हा खुली करण्यात आली. कायद्याने दार बंद केले की देशातील साठाच काय तो उरतो आणि दार उघडले की भावांची फेरमांडणी होते, असे या दोन्ही प्रसंगी दिसून आले.

२००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी काठमांडू येथील जुन्या राजवाड्यातील शस्त्रागाराचा साठा नेपाळकडून विकत घेतला. त्यात एकोणिसाव्या शतकातील मार्टिनी-हेन्री व इतर बंदुका मिळून सुमारे ५० हजार शस्त्रे होती. तोपर्यंत दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या मार्टिनी-हेन्री रायफली यामुळे सर्वसामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आल्या. अनेक दशकांच्या धुळीतून व ग्रीसच्या थरातून बाहेर काढलेल्या या बंदुका आणि पलटणीची चिन्हे स्पष्ट असलेल्या, सुस्थितीतील ब्रिटिश बंदुका यांत संग्राहकांनी फरक केला. बॅनरमन यांच्या माउझर रायफलींबाबत जे घडले होते, तेच शतकानंतर नव्या साठ्याबाबत घडले.

हडसन नदीच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेतून बॅनरमन यांच्या शस्त्रागाराचे भग्न बुरूज आजही दिसतात. एके काळी भंगाराच्या भावाने घेतलेला आणि तेथे हजारोंनी रचून ठेवलेला माल आता जगभरातील संग्रहांत व संग्रहालयांत विखुरला आहे. त्या काळी काही डॉलरांना विकलेली बॅनरमन यांची सूचिपत्रातील बंदूक मूळ अवस्थेत टिकून असेल, तर तिची किंमत आज अनेक पटींनी वाढलेली आहे.